चार वाजताचा उजेड

रविवार, १ फेब्रुवारी

एकतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करतोय. प्रत्येक लिफ्टच्या मशीनच्या खोलीत एक वही टांगलेली असते. तक्रार काय, कारण काय, उपाय काय केला, खाली सही. त्यापलीकडे मी आयुष्यात काही लिहिलेलं नाही. पण बायको म्हणते, हल्ली तुम्ही जेवताना स्वतःशीच पुटपुटता, त्यापेक्षा लिहून काढा, निदान मला तरी ऐकावं लागणार नाही. म्हणून ही वही.

दादा जाऊन उद्या पाच महिने होतील.

त्याच्या पुढच्या खोलीत सहा फूट लांब काचेची टाकी आहे, खाऱ्या पाण्याची. मासे थोडे, प्रवाळ फार. प्रवाळ दिसतं दगडासारखं, पण असतं जिवंत, आणि उजेडावर जगतं. टाकीच्या वर सहा दिवे, तीन पांढरे, तीन निळे. प्रत्येक दिव्याला त्याचा त्याचा ड्रायव्हर, म्हणजे दिव्याला वीज मोजून देणारा डबा. आणि प्रत्येक डब्याला उजेड कमीजास्त करायची एक चावी. दादा दिवसातून चार वेळा स्टुलावर चढून या सहाही चाव्या फिरवायचा. सकाळी आठला मंद उजेड, अकराला जास्त, चारला कमी, सातला बंद. अकरा वर्षं. सूर्य तरी एखाद्या दिवशी ढगाआड दडी मारतो, दादाने कधी मारली नाही.

मागच्या वर्षी त्याचे गुडघे कुरकुरायला लागले. त्याने एक कंट्रोलर आणला, सगळे दिवे वेळेप्रमाणे आपोआप चढवणारा-उतरवणारा. मला म्हणाला, हे सहाही याला जोडून दे बाबा, चढउतर थांबेल. मी म्हणालो, रविवारी येतो. पहिल्या रविवारी खरंच काम निघालं. दुसऱ्या रविवारी कंटाळा केला. तिसऱ्या रविवारी घरात पाय पसरून मॅच बघत बसलो. त्यानंतरच्या मंगळवारी दुपारी चार वाजता दादा स्टुलावरून खाली आला. डॉक्टर म्हणाले, आधी हृदय थांबलं, मग पडले. हे आधी आणि मग मला अजून पटलेलं नाही.

कंट्रोलर खोक्यातच आहे. तो बसवायचा ठरवलंय. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच, पण घोडं न येण्यापेक्षा बरं.

सोमवार, २ फेब्रुवारी

कामावरून सुटून वहिनींकडे गेलो. चार मजले, आणि इमारतीला लिफ्ट नाही. मी लिफ्टवाला आणि सख्ख्या भावाकडे धापा टाकत जातो, यावर दादा दर वेळी न चुकता हसायचा.

वहिनींना म्हटलं, कंट्रोलर बसवतो. त्या म्हणाल्या, "तुम्हाला वाटेल तसं करा, भावोजी." चहा दिला आणि आत गेल्या. पाच महिने टाकी त्याच सांभाळतायत, चाव्या फिरवतायत, तक्रारीचा एक शब्द नाही. दादावर जीवच तसा होता त्यांचा.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "अहो, पण त्यांना टाकी हवीय का, ते विचारलंत?"

विचारायचं काय त्यात? दादाची टाकी आहे.

रविवार, ८ फेब्रुवारी

दिवसभर स्टुलावर. सहा ड्रायव्हर, कंट्रोलरमधून बाहेर येणाऱ्या लाइनी दोन. तीन निळे एका लाइनीवर, तीन पांढरे दुसरीवर. प्रत्येक ड्रायव्हरमधून दोन बारीक तारा निघतात, उजेड किती ठेवायचा याचा हुकूम त्यांच्यातून जातो. कंट्रोलरने एक व्होल्ट पाठवला की दिवा मंद, दहा पाठवले की पूर्ण. अधिकला अधिक, उण्याला उणं, एवढंच. लिफ्टच्या तारांपुढे हा पोरखेळ.

तरी पोरखेळाने नाकी नऊ आणले. पाच दिवे हुकूम पाळतात, सहावा फडफडतो. टाकीचं सामान विकणाऱ्या दुकानदाराला फोन केला. दादा त्याला प्रोफेसर म्हणायचा, कारण साधं पाण्याचं तापमान विचारलं तरी तो समुद्राच्या उत्पत्तीपासून सुरू करतो. म्हणाला, "काका, तो सहावा ड्रायव्हर दादांनी मध्ये बदलला होता. त्याची जात वेगळी. एका दाव्याला सहा बैल बांधायचे तर सगळे एका जातीचे हवेत." त्याच जातीचा नवा बसवला. सहाही एका सुरात चढले आणि एका सुरात उतरले. एवढं सोपं होतं रे दादा. एका रविवारचं काम.

बुधवार, ११ फेब्रुवारी

संध्याकाळी सात वाजता दिवे विझायचे, ते बघायला थांबलो. कंट्रोलरच्या पडद्यावर शून्य आलं. दिवे मात्र विझले नाहीत. सहाही अगदी मंद, राखेखालच्या निखाऱ्यासारखे. खोलीत तेवढाच उजेड, आणि त्यात दादाची खुर्ची.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "बंद नाही झाले?" आवाज एकदम बारीक.

"शून्यावर आहेत, वहिनी. आज ना उद्या होतील बंद."

त्या तिथून हलल्या नाहीत. मग मीच मेन स्विच बंद केला.

प्रोफेसर म्हणाला, हे असंच असतं. असले ड्रायव्हर शून्य व्होल्टवरसुद्धा थोडे तेवत राहतात. पुरते विझवायचे तर त्यांची वीजच तोडावी लागते. म्हणजे एक रिले लावायचा, सातला खट्‌कन पुरवठा बंद करणारा. रिले तर माझ्या घरचा माणूस. उद्या लावतो.

रविवार, १५ फेब्रुवारी

संपलं काम. रिले बसला. वीज गेली तर कंट्रोलर माझ्या फोनवर निरोप पाठवेल, तीही सोय केली. दुरुस्तीला बरं पडावं म्हणून दोन्ही लाइनींना मध्ये एकेक पिन ठेवली, हाताने काढता-घालता येईल अशी.

आणि वेळा मी मनाने घातल्या नाहीत. टाकीखालच्या कपाटात दादाची वही सापडली. आठ, अकरा, चार, सात, आणि कुठला दिवा किती, सगळं त्याच्या अक्षरात. तेच जसंच्या तसं कंट्रोलरमध्ये भरलं. आता बरोबर चार वाजता उजेड उतरायला लागतो, दादा स्वतः फिरवायचा तितकाच आणि तितक्याच वेळात. वहिनींना बोलावून दाखवलं. म्हटलं, बघा, दादाच जणू चावी फिरवतोय.

त्यांनी बघितलं. म्हणाल्या, "हो, तसंच आहे."

चहा पिताना त्या सहज म्हणाल्या, धाकटी बहीण बोलावतेय, तिच्याकडे एक खोली रिकामी आहे. मी म्हटलं, छान की, पण मग टाकीचं कोण बघणार? "तेच ना," म्हणाल्या, आणि विषय बदलला.

खूप दिवसांनी आज शांत झोप लागेल असं वाटतंय.

बुधवार, २५ फेब्रुवारी

प्रवाळ पांढरं पडायला लागलंय. डाव्या बाजूचं हिरवं, दादाचं सगळ्यात जुनं, त्याची टोकं अशी झालीयेत की रंग कोणी धुऊन काढला असावा. प्रोफेसरला फोटो पाठवला. म्हणाला, उजेड जास्त होतोय, भाजतंय ते. असंच राहिलं तर महिन्याभरात संपेल.

जास्त कसा होईल? पडद्यावर दुपारचे पांढरे दिवे चाळीस टक्के. दादाच्या वहीतही चाळीस.

पांढऱ्यांच्या लाइनीवर मीटर लावला. चार व्होल्ट. चाळीस टक्क्यांना चारच हवेत. कुठे काही चूक नाही.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

पुन्हा सगळं तपासलं. कुठे व्होल्टेज जास्त जातंय का, कंट्रोलर मध्येच उसळी मारतोय का. तीन तास मीटरवर डोळे लावून बसलो. चार म्हणजे चार. मी समोर असलो की काट्यासारखं सरळ चालतं. डॉक्टर समोर आला की पेशंटचा ताप उतरतो, तसली गत. वहिनींना विचारलं, दुपारी दिवे जास्त लागतात का हो? म्हणाल्या, "मी दुपारी त्या खोलीत नसते."

कंट्रोलर बदलला. तोच, तसाच दुसरा.

बुधवार, ४ मार्च

हिरवं प्रवाळ निम्मं पांढरं. शेजारचं जांभळंही टोकाला गेलंय.

खाली उतरताना समोरच्या शिंप्याने हाक मारली. त्याचं मशीन खिडकीशी असतं, आणि दिवसभर तोंड दादाच्या घराकडे. म्हणाला, "तुमच्या दादांची खिडकी परत दिसायला लागली हो. दुपारी दोन-अडीचला एकदम पांढरीफटक होते. ते असताना टाकी धुवायचे तेव्हा व्हायची, तशी."

टाकी धुताना दादा सगळे दिवे पूर्ण लावायचा, नीट दिसावं म्हणून. हे मला माहीत आहे. कंट्रोलरला माहीत नाही. मी त्याला ते शिकवलेलंच नाही.

जिना उतरलेला मी पुन्हा चढून वर गेलो. का गेलो ते सांगता येत नाही. चाळीस टक्के. वहिनी भाजी निवडत होत्या.

शुक्रवार, ६ मार्च

घरी आल्या आल्या लिहितोय.

आज त्यांच्या भागात एका दवाखान्याची लिफ्ट अडकली होती. काम अडीचच्या आत उरकलं, म्हणून न कळवता तिकडे वळलो. रस्त्यातूनच दिसलं. चौथ्या मजल्यावरची खिडकी जळत होती. दुसरा शब्द नाही. भर दुपारच्या उन्हात ती वेगळी दिसत होती, इतका पांढरा उजेड. शिंप्याने मशीन थांबवून माझ्याकडे बघितलं.

दोन-दोन पायऱ्या टाकत चार मजले चढलो. या वयात. दार वाजवलं. वहिनींना उघडायला थोडा वेळ लागला. आत शिरलो तर सगळं जागच्या जागी. मंद, नेहमीचा उजेड. पडद्यावर चाळीस. मासे फिरतायत. दिव्यांच्या पट्टीला हात लावला तर पोळलं. म्हणजे मला भास झालेला नाही.

"वहिनी, आत्ता दिवे पूर्ण होते."

"मी आत होते हो. पाणी देऊ? किती घामेजलात."

पाणी प्यायलो. दादाच्या खुर्चीकडे बघायची हिंमत झाली नाही. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यातला नाही. एकतीस वर्षं लिफ्टच्या काळोख्या खड्ड्यांत उतरतोय, उंदरांखेरीज कोणी भेटलेलं नाही. पण मी असलो की शांत राहायचं आणि माझी पाठ वळली की पेटायचं, असा दोष कुठल्या यंत्रात असतो? असा राग माणसाचा असतो. लहानपणीही दादा माझ्यावर कधी ओरडला नाही. माझ्या समोर गप्प बसायचा, आणि मी गेल्यावर आईजवळ बोलायचा.

शनिवार, ७ मार्च

बायकोला सांगितलं. मला वाटलं, हसेल. ती हसली नाही. म्हणाली, "दार उघडायला वेळ का लागला त्यांना?"

बायकांच्या डोक्यात काय येईल सांगता येत नाही. बिचारीचे गुडघे, दुसरं काय.

सोमवार, ९ मार्च

प्रोफेसरच्या दुकानात जाऊन बसलो. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही, म्हणून खिडकीचंही सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं, मग विचारलं, "काका, पांढऱ्यांची लाइन कुठे सुटत नाहीये ना?"

म्हटलं, सुटली असती तर दिवे बंद झाले असते.

"नाही हो. हुकमाची तार सुटली की हे ड्रायव्हर पूर्ण पेटतात. हुकूमच नाही म्हटल्यावर मुक्तद्वार."

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. लिफ्टमध्ये कुठलीही तार तुटली की लिफ्ट जागीच थांबते. दार उघडं राहिलं, थांब. तार कुरतडली, थांब. पहिल्याच दिवशी उस्तादाने कानात सांगितलेलं, तुटलं म्हणजे थांबलं. त्यामुळे पंधरा दिवस मी जास्त व्होल्टेज शोधत होतो, तुटकी तार शोधायचं माझ्या सात पिढ्यांच्या मनात आलं नसतं. चाळीस टक्क्यांचा हुकूम कंट्रोलरपाशी बरोबर होता. तो दिव्यांपर्यंत पोचतच नव्हता.

हायसं वाटलं. ढिली पिन. दादा नाही, ढिली पिन.

मंगळवार, १० मार्च

पिन मुळीच ढिली नाही. ओढली तर जोर लावावा लागतो. तरी घट्ट बसवली, आणि आमच्या रिवाजाप्रमाणे तिच्यावर लाल रंगाची एक बारीक रेघ मारली, निम्मी पिनेवर, निम्मी खाचेवर. लिफ्टचे नट असेच रंगवतो आम्ही. जागचा हलला की रेघ तुटते.

गुरुवार, १२ मार्च

रेघ तुटलीय. पिन काढून परत घातलेली आहे. दोन अर्ध्या रेघा एकमेकींना केसभर चुकवून बसल्यात.

घरात वहिनींखेरीज कोणी नसतं.

म्हणजे असं झालं असणार. मंद उजेडात त्यांना काच पुसताना दिसत नसेल. एकदा पुसताना चुकून पिन निघाली असेल, लख्ख उजेड पडला असेल, आणि त्यांना वाटलं असेल, बरं झालं, आता असंच करावं. मला सांगायला संकोच वाटला असेल. प्रवाळ भाजतंय हे त्या बिचारीला कुठून कळणार? चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायला निघालो होतो मी, आणि तेही मेलेल्या संन्याशाला.

रविवारी पिन काढून टाकतो आणि तारा कथलाचा डाग देऊन कायमच्या जोडतो. काच पुसायला वेगळा दिवा देतो.

रविवार, १५ मार्च

डाग द्यायची कइया तापत ठेवली आणि वहिनींना म्हटलं, आता सगळं कायमचं पक्कं करतो, पिनच नको. त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

"कायमचं म्हणजे किती वर्षं?"

"सांधा ना? मी जाईन, सांधा जायचा नाही."

"सांधा नाही. आतलं ते."

"प्रवाळ? प्रोफेसर म्हणतो, नीट सांभाळलं तर माणसाच्या कितीतरी पिढ्या बघतं."

त्या दारातच खाली बसल्या. म्हटलं, वहिनी, चक्कर आली का? मान हलवली, नाही. मग म्हणाल्या, "भावोजी, पिन मीच काढते. रोज दुपारी, दोन तास. मला ते मरायला हवंय."

मी कइया हातात धरून उभा.

"वीज बंद केली तर तुम्हाला फोनवर कळतं. विष घालायला हात होत नाही. एक दिवस धूळ पुसताना फडकं अडकून ती पिन निघाली आणि सगळं पांढरं झालं, आणि कुणालाच कळलं नाही. मला वाटलं, असंच जाऊ दे. टाकी गेली की मला जाता येईल."

"जायचं होतं तर सांगायचंत ना, वहिनी."

"कुणी विचारलं? तुम्ही विचारलंत, दिव्यांना काय हवंय, पाण्याला काय हवंय. आणि इतक्या मायेने तारा जोडत होतात, कुठल्या तोंडाने सांगू?"

मग त्या बोलतच राहिल्या. मी इतकं बोलताना त्यांना कधी ऐकलेलं नाही. दादा स्टुलावर चढायचा तेव्हा स्टूल धरायला त्यांना हाक मारायचा. आठला, अकराला, चारला, सातला. "अगं, धर जरा." अकरा वर्षांत त्या एक रात्र बाहेर राहिल्या नाहीत. स्वतःची आई वारली तेव्हाही सकाळी गेल्या आणि सातच्या आत परतल्या. "वाईट नव्हते हो ते. कधी ओरडले नाहीत. फक्त हाक मारायचे." त्या मंगळवारी त्या बहिणीशी फोनवर बोलत होत्या. चारला हाक आली. त्या म्हणाल्या, आले. आणि बोलत राहिल्या. पाच मिनिटं असतील. मग आवाज आला.

"पहिले पाच महिने बरे गेले. मी चढायची, मी फिरवायची, खोलीत दुसरं कुणी नसायचं. मग तुम्ही ते यंत्र लावलंत. आता चारला स्टुलावर कुणी चढत नाही आणि तरी उजेड उतरतो. अगदी ते उतरवायचे तसा. आणि मला हाक ऐकू येते, भावोजी. रोज. मी दार लावून आत बसते तरी येते."

कइया बाजूला ठेवली. दादा माझ्यावर रागावून पेटवतोय असं मी समजत होतो. त्याला त्या घरात आणून बसवला मीच. त्याच्या वहीतल्या वेळा बघून बघून, मिनिटाचाही फरक न करता.

मग मीही सांगितलं. तीन रविवार. मॅचसुद्धा. आजवर बायकोलाही सांगितलं नव्हतं. मला वाटलं, आता त्या रडतील नाहीतर मला घराबाहेर काढतील.

म्हणाल्या, "माहीत आहे. तिन्ही रविवारी तिघांचा चहा ठेवायला लावला त्यांनी."

"मग?"

"मग काय. तुम्ही आला नाहीत, मी उठले नाही. ते चढले."

दोघंही तिथेच बसून राहिलो. सात वाजता रिले खट्‌कन वाजला, आणि आम्ही दोघंही दचकलो.

मंगळवार, १७ मार्च

बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं." जेवण गेलं नाही.

शुक्रवार, २० मार्च

प्रोफेसरला टाकी बघायला घेऊन गेलो. म्हटलं, सगळं उचलून घेऊन जा, तुझ्या दुकानात ठेव, कुणाला दे, पण ने. त्याने बराच वेळ काचेला नाक लावलं. हिरवं गेलं. जांभळं आणि बाकीची वाचतील. पण आत्ता हलवली तर वाटेतच मरतील. सहा आठवडे मंद उजेडात राहू द्या, जरा रंग धरला की मी स्वतः नेईन.

वहिनी ऐकत होत्या. मला वाटलं, म्हणतील, मरू देत. त्या टाकीजवळ आल्या. महिन्याभरात पहिल्यांदाच माझ्या देखत आल्या. वाकून त्या मेलेल्या हिरव्याकडे बघितलं आणि त्यांना रडू आलं. दादाच्या तेराव्यालाही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. प्रोफेसर बाहेर गॅलरीत जाऊन उभा राहिला. भला माणूस.

"सहा आठवडे मी थांबते," डोळे पुसून म्हणाल्या. "मीच केलंय हे."

"तुम्ही एक दिवस थांबायचं नाही," मी म्हटलं. "मी येऊन राहतो. तुम्ही बहिणीकडे जा."

त्या "तुम्हाला वाटेल तसं करा" म्हणतील असं वाटलं. त्या म्हणाल्या, "जाते." एवढंच, पण लगेच.

घरी सांगितलं तर बायको म्हणाली, खुशाल जा, माझे सहा आठवडे सुखात जातील. आणि माझे कपडे बॅगेत भरायला लागली.

शनिवार, २८ मार्च

वहिनींना गाडीत बसवून आलो. एकच बॅग. सामान बांधताना दादाचा एक फोटो घेतला, तरुणपणचा, टाकी यायच्या आधीचा. खिडकीतून म्हणाल्या, जांभळ्याला सांभाळा. गाडी हलल्यावर त्यांनी मागे वळून बघितलं नाही, ते मला आवडलं.

त्यांच्या घरात ही माझी पहिली संध्याकाळ. उजेड आता वीस टक्क्यांवर ठेवलाय. वेळाही बदलायच्या होत्या, पण प्रोफेसर म्हणाला, आजारी आहेत, आता त्यांचं घड्याळ हलवू नका. म्हणून वेळा त्याच आहेत.

रविवार, २९ मार्च

संध्याकाळी वहिनींचा फोन आला. आवाज ओळखू येईना, इतका मोकळा. जेवून दुपारी पडल्या, म्हणाल्या, गाढ झोप लागली. "चारला आपोआप जाग आली. उठून बसले. ऐकत बसले, बराच वेळ. कुणी हाक मारली नाही हो, भावोजी."

हसत होत्या की रडत, कळलं नाही.

"मग परत झोपायचंत," मी म्हणालो.

"झोपले की. आत्ता उठतेय." मग म्हणाल्या, "तिकडे कसं आहे? त्रास नाही ना?"

"इकडे काय, वहिनी. सगळं आपोआप चालतं. मी नुसता बसून असतो."

ते खरं नव्हतं. चार वाजता मी स्वयंपाकघरात कप धूत होतो. पुढच्या खोलीत उजेड उतरायला लागला, आणि दादाने हाक मारली. "अरे, धर जरा." मोठ्याने नाही, साधी, नेहमीची. मी आलो म्हटलं नाही. हात पुसले नाहीत. तसाच गेलो, आणि दिवे पुरते उतरेपर्यंत स्टूल धरून उभा राहिलो. वहिनींना यातलं काही सांगितलं नाही.